मायक्रोकंट्रोलर-आधारित यादृच्छिक संख्या जनित्र

मायक्रोकंट्रोलर-आधारित यादृच्छिक संख्या जनित्र हे एखाद्या भौतिक प्रक्रियेतील अनिश्चितता मोजून तिच्यापासून आधी वर्तवता न येणाऱ्या संख्या तयार करणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण होय. अर्धवाहकातील विद्युत रव, दोन दोलकांच्या वेळेतील सूक्ष्म फरक किंवा किरणोत्सारी क्षय यांपैकी एखादी घटना त्याचा स्रोत असते. मायक्रोकंट्रोलर त्या घटनेचे नमुने घेतो, त्यांतील एकांगीपणा काढून टाकतो, स्रोत ठीक चालतो आहे की नाही हे सतत तपासतो आणि तयार झालेल्या संख्या संगणकाला किंवा दुसऱ्या यंत्रणेला पुरवतो.

अशा संख्यांचा उपयोग सांकेतिक किल्ल्या तयार करणे, वाहनांची चोरीप्रतिबंधक यंत्रणा, नमुना पाहणी, संगणकीय अनुकरण आणि सार्वजनिक सोडती यांत होतो. महाराष्ट्रात पिंपरी-चिंचवड आणि चाकण या औद्योगिक पट्ट्याशी या विषयाचा दुहेरी संबंध येतो. येथे तयार होणाऱ्या मोटारी व दुचाकींच्या नियंत्रण संचांना अशा संख्यांची गरज असते, आणि याच शहरात प्रभागांची आरक्षणे व परवडणारी घरे सोडतीने ठरतात.

खरी आणि छद्म यादृच्छिकता

संगणक दिलेल्या सूचना क्रमाने पाळतो. त्यामुळे केवळ गणिती सूत्राने त्याने काढलेली संख्या मूलतः ठरलेलीच असते. अशा संख्यांना छद्म-यादृच्छिक संख्या म्हणतात. सूत्राला आरंभी दिलेल्या संख्येस बीज असे नाव आहे. बीज तेच असेल तर पुढील संपूर्ण मालिका तीच येते.

आर्डुइनो उनो हा विद्यार्थ्यांमध्ये परिचित असलेला फलक याचे सोपे उदाहरण आहे. त्यातील एटीमेगा ३२८पी या मायक्रोकंट्रोलरमध्ये यादृच्छिक संख्यांसाठी वेगळे यंत्रांग नाही. त्याच्या सॉफ्टवेअरमधील तयार फलन मागील संख्येला १६,८०७ ने गुणते आणि गुणाकाराला २ चा ३१ वा घात उणे १ या संख्येने भागून बाकी घेते. बीज दिले नाही तर फलकाचा विद्युतपुरवठा बंद करून पुन्हा सुरू केल्यावर प्रत्येक वेळी तीच मालिका मिळते.

यावर उपाय म्हणून बरेच जण मोकळ्या सोडलेल्या ॲनालॉग पिनवरील वाचन बीज म्हणून वापरतात. या फलकातील ॲनालॉग-डिजिटल परिवर्तक १० बिटांचा असल्याने वाचन ० ते १०२३ यांपैकीच असते, म्हणजे एकूण मालिका जास्तीत जास्त १,०२४ होतात. साध्या संगणकालाही त्या सर्व क्षणात तपासता येतात. शिवाय मोकळी पिन आसपासच्या तारांतील ५० हर्ट्झच्या वीजपुरवठ्याचा प्रभाव उचलते आणि तिची वाचने एका मर्यादित पट्ट्यातच फिरत राहतात. बेनेडिक्ट क्रिस्टिन्सन यांनी २०१२ मध्ये या पद्धतीचे परीक्षण करून ती सुरक्षेच्या कामासाठी अयोग्य असल्याचे दाखवले.

खऱ्या यादृच्छिक संख्येत अनिश्चितता सूत्रातून येत नाही, ती निसर्गातील घटनेतून येते. या अनिश्चिततेच्या मापाला एंट्रॉपी म्हणतात आणि ती बिटांमध्ये मोजतात. सुरक्षेच्या कामात किमान एंट्रॉपी हे अधिक कडक माप वापरतात. हल्लेखोराचा पहिलाच अंदाज बरोबर येण्याची संभाव्यता किती, यावर ते आधारलेले असते. एखादे बिट १ येण्याची संभाव्यता ०.६ असेल, तर त्याची किमान एंट्रॉपी सुमारे ०.७४ बिट भरते. नाणे पूर्ण निष्पक्ष असेल तरच ती १ बिट होते.

इतिहास

एल. एच. सी. टिपेट यांनी १९२७ मध्ये ४१,६०० अंकांचे यादृच्छिक संख्यांचे कोष्टक प्रसिद्ध केले. भारतात नमुना पाहणीच्या शास्त्राला अशा कोष्टकांचा मोठा आधार मिळाला. सातारा जिल्ह्यातील बुध येथे १९११ मध्ये जन्मलेले आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी पिकांच्या उत्पादनाचा अंदाज यादृच्छिक नमुन्याने निवडलेल्या शेतांतील पीक-कापणी प्रयोगांवरून काढण्याची पद्धत विकसित केली. नमुना पाहणीच्या सिद्धांतावरील त्यांचा ग्रंथ १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला. कोणत्या शेतात कापणी करायची हे माणसाने ठरवले, तर चांगले किंवा रस्त्याजवळचे शेत निवडण्याकडे कल होतो. यादृच्छिक संख्या हा कल दूर ठेवते. पीक विम्याची भरपाई ठरवण्यासाठी होणाऱ्या कापणी प्रयोगांतही हेच तत्त्व आहे.

विद्युत रवापासून संख्या काढणारी यंत्रे विसाव्या शतकाच्या मध्यास आली. अमेरिकेतील रँड कॉर्पोरेशनने इलेक्ट्रॉनिक यंत्राद्वारे दहा लाख अंक तयार करून ते १९५५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. या यंत्राच्या कच्च्या अंकांत एकांगीपणा आढळल्याने ते पुन्हा एकमेकांत मिसळावे लागले होते. १९५१ मधील फेरांटी मार्क १ या संगणकात ॲलन ट्युरिंग यांच्या सूचनेवरून यादृच्छिक संख्येसाठी स्वतंत्र आज्ञा ठेवण्यात आली. ब्रिटनमध्ये बचत रोख्यांवरील बक्षिसांची सोडत काढण्यासाठी १९५७ मध्ये एर्नी हे यंत्र सुरू झाले. त्यात निऑन नळ्यांतील रवाचा उपयोग केला होता.

पुढे हे कार्य एकाच चिपमध्ये सामावले. आज एसटीएम३२, ईएसपी३२ अशा मायक्रोकंट्रोलर कुळांत यादृच्छिक संख्यांचे यंत्रांग अंतर्भूत असते.

एंट्रॉपीचे स्रोत

औष्णिक रव: प्रत्येक रोधकात इलेक्ट्रॉनांच्या उष्णताजन्य हालचालीमुळे अल्प व्होल्टता निर्माण होते. जॉन्सन आणि नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये तिचे मापन व स्पष्टीकरण प्रसिद्ध केले. १० लाख ओहमच्या रोधकात २७ अंश सेल्सिअस तापमानाला आणि १० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात ती सुमारे १३ मायक्रोव्होल्ट असते. आर्डुइनो उनोच्या परिवर्तकाची एक पायरी ५ व्होल्टच्या संदर्भाने सुमारे ४.९ मिलिव्होल्टची असते. एक पायरी ओलांडण्यासाठीच या रवाचे वर्धन जवळजवळ ३८० पट करावे लागते. वर्धकाशिवाय थेट पिनवर दिसणारा रव हा बहुधा वीजपुरवठ्याचा किंवा शेजारच्या मंडलांचा असतो.

अवपात रव: ट्रान्झिस्टरच्या बेस-एमिटर संधीला उलट दिशेने पुरेशी व्होल्टता दिली की संधीचे विद्युत भंजन होते. एक इलेक्ट्रॉन इतर इलेक्ट्रॉनांना मोकळे करतो आणि प्रवाहाचे लोट अनियमित वेळी उठतात. हा रव औष्णिक रवापेक्षा पुष्कळ मोठा असल्याने हाताने बांधलेल्या उपकरणांत तो अधिक वापरला जातो.

दोलकांची अस्थिरता: दोन स्वतंत्र दोलकांची वारंवारता कधीही पूर्णपणे स्थिर नसते. एटीमेगा ३२८पी मध्ये पहारेकरी टायमरसाठी सुमारे १२८ किलोहर्ट्झचा आरसी दोलक असतो आणि मुख्य घड्याळ १६ मेगाहर्ट्झच्या स्फटिकावर किंवा सिरॅमिक अनुनादकावर चालते. पहारेकरी टायमरचा सुमारे १६ मिलिसेकंदांचा काळ संपला की मुख्य टायमरच्या खालच्या आठ बिटांचे मूल्य नोंदवतात. अशी ३२ मूल्ये एकत्र घोटून एक ३२ बिटांची संख्या काढली, तर सेकंदाला साधारण दोन संख्या मिळतात. वेग कमी असला तरी बाहेरून एकही सुटा भाग जोडावा लागत नाही.

वलय दोलक: विषम संख्येतील व्यस्तक द्वारे वलयाकार जोडली की ती आपोआप दोलायमान होतात. रास्पबेरी पाय पिको या फलकातील आरपी२०४० चिपमध्ये अशा दोलकावरून एक-एक बिट वाचण्याची सोय आहे. हे बिट थेट सुरक्षेच्या कामासाठी वापरायचे नसतात. त्यांवर पुढील प्रक्रिया करावी लागते.

किरणोत्सारी क्षय: गायगर नळीतील दोन स्पंदांमधील काळ अनिश्चित असतो. लागोपाठच्या दोन कालावधींची तुलना करून पहिला मोठा असल्यास १ आणि दुसरा मोठा असल्यास ० घेतात. नैसर्गिक पार्श्वभूमी किरणोत्सारावर ही पद्धत फार मंद चालते. शिक्षणासाठी मात्र ती उपयुक्त ठरते, कारण प्रत्येक घटना ऐकता व मोजता येते.

मंडलाची रचना

अवपात रवावर आधारित उपकरणाचे चार भाग असतात: रव-स्रोत, वर्धक, अंकीकरण आणि मायक्रोकंट्रोलर.

रव-स्रोतासाठी बीसी ५४७ किंवा २एन ३९०४ यांसारखा सामान्य एनपीएन ट्रान्झिस्टर पुरतो. त्याचा कलेक्टर मोकळा ठेवतात आणि एमिटर रोधकामार्फत १२ व्होल्टच्या धन अग्राला जोडतात. बेस-एमिटर संधीची उलट भंजन व्होल्टता बहुधा ६ ते ९ व्होल्टच्या दरम्यान असल्याने यूएसबीचे ५ व्होल्ट पुरत नाहीत. म्हणून व्होल्टता वाढवणारा छोटा परिवर्तक लागतो. पहिल्या ट्रान्झिस्टरचा बेस दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या बेसला जोडतात. दुसऱ्याचा एमिटर भूमीला जोडलेला असतो आणि तो पहिल्या टप्प्याचा वर्धक म्हणून काम करतो.

वर्धित रव धारित्रामार्फत पुढे नेतात, जेणेकरून स्थिर व्होल्टता अडते आणि फक्त चढउतार पुढे जातात. नंतर श्मिट ट्रिगर प्रकारच्या द्वाराने त्याचे ० व १ अशा दोन पातळ्यांत रूपांतर होते, किंवा परिवर्तकाने थेट मूल्य वाचून त्याचे सर्वांत खालचे बिट घेतले जाते. १२ व्होल्टचा कोणताही भाग मायक्रोकंट्रोलरच्या पिनपर्यंत पोहोचू नये म्हणून मर्यादक डायोड बसवणे आवश्यक असते.

व्होल्टता वाढवणारा परिवर्तक स्वतः एका ठरावीक वारंवारतेने उघडझाप करतो. ती वारंवारता रवात मिसळली तर बिटांमध्ये आवर्ती नमुना उमटतो. त्यामुळे पुरवठा गाळण्यासाठी धारित्रे बसवतात, रवाचे मंडल वेगळे ठेवतात आणि त्याला धातूचे आवरण देऊन ते भूमीला जोडतात. चिंचवड, भोसरी किंवा चाकणसारख्या औद्योगिक भागात वेल्डिंग यंत्रे आणि मोटारींचा वेग बदलणारे ड्राइव्ह मोठ्या प्रमाणात असल्याने ही काळजी अधिक घ्यावी लागते. बाहेरून आलेला विद्युत गोंधळ आलेखावर यादृच्छिक दिसतो, परंतु तो दुसऱ्याला मोजता येतो आणि प्रसंगी घडवूनही आणता येतो. तो एंट्रॉपी म्हणून धरता येत नाही.

भंजन अवस्थेत सतत चालवलेल्या ट्रान्झिस्टरचे गुणधर्म कालांतराने बदलतात. तापमानानुसारही रवाची पातळी सरकते. म्हणून ० व १ यांमधील सीमारेषा कायमची ठरवून ठेवणे धोक्याचे असते.

एकांगीपणा काढण्याच्या पद्धती

स्रोतापासून मिळणाऱ्या कच्च्या बिटांत ० आणि १ यांचे प्रमाण क्वचितच समान असते. ते समान करण्यासाठी पुढील पद्धती वापरतात.

जॉन फॉन नॉयमन यांनी १९५१ मध्ये सुचवलेल्या पद्धतीत बिटांच्या जोड्या करतात. ०१ ही जोडी आली तर ० घेतात, १० आली तर १ घेतात आणि ०० व ११ या जोड्या टाकून देतात. १ येण्याची संभाव्यता ०.६ असली तरी ०१ आणि १० या दोन्ही जोड्यांची संभाव्यता ०.२४ इतकीच राहते. त्यामुळे निर्गम निष्पक्ष होतो. अशा १,००० कच्च्या बिटांतून सरासरी २४० बिटे मिळतात.

या पद्धतीची अट अशी की बिटे एकमेकांपासून स्वतंत्र असली पाहिजेत. ०१०१०१०१ अशी ठरावीक मालिका दिली तर निर्गमात केवळ शून्ये येतात. म्हणजे पद्धत एकांगीपणा दूर करते, पण बिटांमधील परस्परसंबंध दूर करू शकत नाही.

दुसरी पद्धत दोन स्वतंत्र बिटांच्या अपवर्जी-अथवा क्रियेची आहे. १ ची संभाव्यता ०.६ असलेली दोन बिटे या क्रियेने जोडली की १ येण्याची संभाव्यता ०.४८ होते. म्हणजे निम्म्यापासूनचे अंतर ०.१ वरून ०.०२ वर येते.

सुरक्षेच्या कामात एसएचए-२५६ यांसारख्या सांकेतिक हॅश फलनातून कच्ची बिटे घोटून काढतात. निर्गमात २५६ बिटांइतकी एंट्रॉपी हवी असेल आणि प्रत्येक कच्च्या बिटात ०.७४ बिट किमान एंट्रॉपी असेल, तर किमान ३४८ कच्ची बिटे लागतात. प्रत्यक्षात याहून अधिक घेतात. हॅश फलन एंट्रॉपी निर्माण करत नाही. स्रोत मृत झाला तरी त्याचा निर्गम वरवर निर्दोष यादृच्छिक दिसतो, म्हणून तपासणी हॅश करण्यापूर्वीच्या कच्च्या बिटांवर करणे महत्त्वाचे असते.

अधिक वेग हवा असल्यास खऱ्या यादृच्छिक संख्येचे बीज घेऊन सुरक्षित छद्म-यादृच्छिक जनित्र चालवतात आणि ठरावीक काळाने नवे बीज देतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेच्या ८००-९० मालिकेतील मार्गदर्शक दस्तऐवजांत ही रचना वर्णिलेली आहे.

इच्छित मर्यादेतील संख्या

निष्पक्ष बिटे मिळाल्यानंतरही त्यांचे रूपांतर करताना चूक होऊ शकते. समजा, १०० अर्जदारांतून एकाची निवड करायची आहे आणि त्यासाठी ० ते २५५ मधील एका बाइटला १०० ने भागून बाकी घेतली. २५६ म्हणजे १०० च्या दोन पूर्ण फेऱ्या आणि उरलेले ५६. त्यामुळे ० ते ५५ या क्रमांकांना २५६ पैकी तीन संधी मिळतात, तर ५६ ते ९९ यांना दोनच. पहिल्या गटातील अर्जदाराची संधी दुसऱ्या गटातील अर्जदाराच्या दीडपट होते.

योग्य रीत अशी की बाइट २०० किंवा त्याहून मोठा असेल तर तो टाकून द्यावा आणि नवा घ्यावा. उरलेल्या २०० मूल्यांना १०० ने भागल्यावर प्रत्येक क्रमांकाला नेमक्या दोन संधी मिळतात.

चाचण्या

सर्वांत सोपी चाचणी म्हणजे ० आणि १ यांची गणती. निष्पक्ष स्रोताच्या २०,००० बिटांत १ ची संख्या सरासरी १०,००० असते आणि प्रमाण विचलन सुमारे ७१ असते. अमेरिकन फिप्स १४०-२ मानकाच्या आरंभीच्या आवृत्तीत ही संख्या ९,७२५ ते १०,२७५ यांच्या आत असावी अशी अट होती. त्याच मानकात एकसारख्या बिटांची २६ किंवा अधिक लांबीची सलग रांग हे बिघाडाचे लक्षण मानले जाई.

सविस्तर परीक्षणासाठी १५ चाचण्यांचा एसपी ८००-२२ हा संच, जॉर्ज मार्साग्लिया यांचा १९९५ मधील डायहार्ड संच आणि टेस्टयू०१ हे वापरले जातात. मात्र या चाचण्या यादृच्छिकता सिद्ध करत नाहीत. पाय या संख्येचे अंक आजवरच्या अशा चाचण्यांत यादृच्छिकच दिसतात, तरीही ते कोणालाही गणिताने काढता येतात. चाचणीत नापास झालेले उपकरण सदोष असते. उत्तीर्ण झालेले उपकरण सुरक्षित आहे की नाही, हे त्याच्या भौतिक स्रोताचा अभ्यास करूनच ठरवावे लागते.

उपकरण चालू असतानाही स्रोतावर लक्ष ठेवतात. एसपी ८००-९०बी या दस्तऐवजात यासाठी दोन चाचण्या सांगितल्या आहेत: एकच मूल्य सलग किती वेळा आले ते मोजणे आणि ठरावीक खिडकीत एखाद्या मूल्याचे प्रमाण फार वाढले आहे का ते पाहणे. एसटीएम३२एफ४ कुळातील यंत्रांग ६४ पेक्षा अधिक सलग सारखी बिटे आली किंवा ० व १ यांची अदलाबदल सलग ३२ पेक्षा अधिक वेळा झाली, तर बीजदोषाचा इशारा देते. इशारा मिळाल्यावर संख्या देणे थांबवणे हे सॉफ्टवेअरचे काम असते.

दोष आणि हल्ले

यादृच्छिक संख्यांतील दोष वापरणाऱ्याला सहसा दिसत नाहीत. उपकरण नेहमीप्रमाणे चालू राहते, केवळ त्याचे संरक्षण नाहीसे झालेले असते.

मायफेअर क्लासिक या संपर्करहित कार्डातील यादृच्छिक संख्या ३२ बिटांची असली तरी ती १६ बिटांच्या स्थितीवरून तयार होत असे. त्यामुळे केवळ ६५,५३५ संख्या शक्य होत्या आणि त्यांचे चक्र सुमारे ०.६ सेकंदात पूर्ण होई. संख्या कार्डाला वीज मिळाल्यापासूनच्या काळावर अवलंबून असल्याने योग्य क्षण साधून हवी ती संख्या पुन्हा मिळवता येत असे. संशोधकांनी २००८ पर्यंत या कार्डाची सुरक्षा मोडून दाखवली.

थिओडोर मार्केटोस आणि सायमन मूर यांनी २००९ मध्ये दाखवले की वीजपुरवठ्यातून विशिष्ट वारंवारता सोडली की वलय दोलक तिच्याशी जुळवून घेतात आणि त्यांची अस्थिरता संपते. एका सुरक्षित मायक्रोकंट्रोलरच्या बाबतीत शक्य किल्ल्यांची संख्या २ च्या ६४ व्या घातावरून सुमारे ३,३०० वर आली.

२०१२ मध्ये नादिया हेनिंजर आणि सहकाऱ्यांनी इंटरनेटवरील किल्ल्यांची व्यापक पाहणी केली. तपासलेल्या टीएलएस यंत्रणांपैकी ०.५० टक्के यंत्रणांच्या खाजगी आरएसए किल्ल्या त्यांना काढता आल्या. यांत राउटरसारखी लहान उपकरणे प्रामुख्याने होती. अशी उपकरणे प्रथम सुरू होताच किल्ली तयार करतात, परंतु त्या क्षणी त्यांच्याजवळ पुरेशी एंट्रॉपी जमलेली नसते. ईएसपी३२ वापरणाऱ्यांनाही हीच सावधगिरी लागू पडते. त्याचे वाय-फाय व ब्लूटूथ दोन्ही बंद असतील आणि पर्यायी रवस्रोत सुरू केलेला नसेल, तर त्याच्या संख्या खऱ्या यादृच्छिक मानता येत नाहीत.

वाहन उद्योगातील उपयोग

पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी आणि चाकण या पट्ट्यात टाटा मोटर्स, बजाज ऑटो, महिंद्रा, मर्सिडीज-बेंझ आणि स्कोडा ऑटो फोक्सवॅगन यांचे कारखाने व त्यांना सुटे भाग पुरवणारे अनेक लघुउद्योग आहेत. चिंचवड येथे वाहन उद्योगाला चाचणी व प्रशिक्षणाच्या सुविधा देणारी ऑटो क्लस्टर ही संस्था आहे.

आधुनिक मोटारीच्या किल्लीत एक लहान चिप असते. किल्ली फिरवल्यावर वाहनातील नियंत्रण संच तिला एक यादृच्छिक संख्या पाठवतो. चिप आपल्या गुप्त किल्लीने त्या संख्येचे सांकेतिक उत्तर देते. उत्तर बरोबर असेल तरच इंजिन सुरू होते. आव्हानाची संख्या दर वेळी नवी असल्याने एकदा चोरून ऐकलेले उत्तर पुढच्या वेळी निरुपयोगी ठरते. संख्या पुन्हा पुन्हा त्याच येऊ लागल्या, तर चोराला जुनी उत्तरे साठवून ठेवणे पुरते. रोएल व्हर्डुल्ट आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये हिटॅग-२ या प्रचलित किल्ली-चिपची सुरक्षा काही मिनिटांत मोडता येते हे दाखवले. तेथे मुख्य दोष सांकेतिक पद्धतीत होता, परंतु त्यातून स्पष्ट झाले की वाहनाचे संरक्षण साखळीतील सर्वांत कच्च्या कडीइतकेच असते.

नव्या नियंत्रण संचांच्या मायक्रोकंट्रोलरमध्ये सुरक्षेसाठी वेगळा विभाग असतो आणि त्यात खऱ्या यादृच्छिक संख्यांचे जनित्र अंतर्भूत असते. वाहनांच्या सायबर सुरक्षेबाबत संयुक्त राष्ट्रांचा आर-१५५ हा नियम २०२१ मध्ये अमलात आला. भारतात त्याच धर्तीवर एआयएस-१८९ हे मानक तयार करण्यात आले आहे.

सोडतींमधील उपयोग आणि मर्यादा

पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या २०१७ च्या निवडणुकीत ३२ प्रभागांतून १२८ नगरसेवक निवडून आले. कोणती जागा कोणत्या प्रवर्गासाठी किंवा महिलांसाठी राखीव राहील, हे ठरवण्यात सोडतीचा मोठा भाग असतो. महापालिकेच्या अशा सोडती चिंचवड येथील प्रा. रामकृष्ण मोरे प्रेक्षागृहात झालेल्या आहेत. महाराष्ट्रातील आरक्षण सोडतींत शाळकरी मुलांच्या हातून पारदर्शक भांड्यातील चिठ्ठ्या काढण्याची रीत रूढ आहे. याउलट म्हाडाच्या पुणे मंडळाची घरांची सोडत संगणकीय प्रणालीने काढली जाते, कारण हजारो अर्जांच्या चिठ्ठ्या हाताने काढणे व्यवहार्य नसते.

दोन्ही पद्धतींना मर्यादा आहेत. अमेरिकेत १ डिसेंबर १९६९ रोजी सक्तीच्या लष्करभरतीसाठी जन्मतारखांची सोडत काढण्यात आली. तारखा असलेल्या कुप्या नीट ढवळल्या गेल्या नव्हत्या. परिणामी वर्षाच्या अखेरच्या महिन्यांत जन्मलेल्यांचे क्रमांक सरासरीने लवकर लागले. संगणकीय सोडतीतील धोका वेगळा असतो. अमेरिकेतील अनेक राज्यांच्या लॉटरी संघटनेत सुरक्षा विभागात असलेल्या एडी टिप्टन यांनी जनित्राच्या सॉफ्टवेअरमध्येच फेरफार केला होता. वर्षातील ठरावीक तारखांना येणाऱ्या संख्या त्यामुळे त्यांना आधी वर्तवता येत. २०१७ मध्ये त्यांना शिक्षा झाली.

चिठ्ठ्यांची सोडत सभागृहातील प्रत्येकाला डोळ्यांनी तपासता येते. बंद पेटीतील मायक्रोकंट्रोलर उत्तम संख्या देत असला तरी प्रेक्षकाला ते पाहता येत नाही. त्यामुळे सार्वजनिक सोडतीसाठी असे उपकरण वापरताना संख्या अनिश्चित असण्याबरोबरच प्रक्रिया पडताळता येणेही आवश्यक असते. त्यासाठी पुढील उपाय सुचवले जातात:

– अर्जदारांची क्रमवार यादी आणि निवडीचे सूत्र सोडतीपूर्वी प्रसिद्ध करणे;
– उपकरणाने काढलेल्या गुप्त संख्येचे हॅश मूल्य आधी जाहीर करणे व मूळ संख्या सोडतीनंतर उघड करणे, जेणेकरून ती मध्येच बदलता येणार नाही;
– त्या संख्येत सभागृहात सर्वांसमक्ष फासे टाकून किंवा अंकांच्या चिठ्ठ्या काढून मिळालेले अंक मिसळणे;
– एकत्रित बीज प्रसिद्ध करणे, म्हणजे कोणत्याही अर्जदाराला घरच्या संगणकावर संपूर्ण निकाल पुन्हा काढून पाहता येईल.

या रचनेत उपकरण बनवणारा अप्रामाणिक असला तरी त्याला निकाल ठरवता येत नाही, कारण सभागृहातील अंक त्याला आधी माहीत नसतात. तसेच अंक काढणाऱ्यालाही निकाल ठरवता येत नाही, कारण उपकरणाची संख्या आधीच बांधलेली असते. दोघांनी संगनमत केले तरच रचना निष्फळ ठरते. म्हणून सभागृहातील अंक एकाच व्यक्तीऐवजी निरनिराळ्या अर्जदारांकडून काढून घेणे योग्य मानले जाते.

हेही पहा

संभाव्यता
एंट्रॉपी
सांकेतिकशास्त्र
नमुना पाहणी
मायक्रोकंट्रोलर
पिंपरी-चिंचवड